बाहेरून बसलेले

शाळेत किंवा कॉलेजात नाव न घालता कोणी परीक्षा दिली, तर मराठीत त्याला ‘बाहेरून बसला’ असे म्हणतात. मॅट्रिकला बाहेरून, बी.ए.ला बाहेरून. आपल्या वस्त्यांत हा शब्द घरोघरी माहीत आहे. शाळा सुटलेल्या मुलीने लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरला, गिरणीतल्या बदली कामगाराने पाळी सांभाळून दहावी केली, कार्यालयातल्या शिपायाने कारकुनाच्या जागेसाठी बारावी दिली, या गोष्टी कोणी नोंदवून ठेवलेल्या नाहीत. पण त्या नाहीत असे घर आपल्याकडे शोधावे लागेल.

बाहेर बसण्याचा आपला याहूनही जुना एक अनुभव आहे. आपले आजेपणजे शाळेत बाहेर बसत. व्हरांड्यात, पायरीजवळ, किंवा वर्गातच पण कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतला तो गोणपाट स्वतः लिहून ठेवला आहे. एक बाहेर बसणे लादलेले होते; दुसरे आपण होऊन पत्करलेले, आतल्यांच्या बरोबरीने तोच पेपर सोडवण्यासाठी. दोहोंत फरक आहेच. पण दुसरे पहिल्यातूनच निघाले आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याला वेळेवर आत घेतले नाही, त्यालाच वय वाढल्यावर बाहेरून बसावे लागते.

दूरशिक्षणाचा इतिहास लिहिणारे सहसा त्याची सुरुवात पत्रद्वारा अभ्यासक्रमांपासून करतात आणि मुक्त विद्यापीठांपाशी येऊन थांबतात. त्यात सरकारच्या समित्या असतात, कुलगुरू असतात, विद्यार्थ्यांचे आकडे असतात. ज्यांनी ही मागणी सर्वांआधी केली, ते त्यात नसतात. हा लेख त्या मागणीविषयी आहे. मागणी काय होती, तिच्यातले काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि जे मिळाले त्याचे मोल आज कोण ठरवतो, हे आपण आपल्या बाजूने पाहिले पाहिजे.

१

१८५५ ते १८५८ ही चार वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी रात्रशाळा काढली. शेतकरी, मजूर, कष्टकरी स्त्रिया दिवसभराचे काम आटोपून तेथे येत. मुलींच्या आणि महारामांगांच्या मुलांच्या शाळा त्यांनी त्याआधीच सुरू केल्या होत्या. तरीही रात्रशाळा निराळी काढावी लागली. मुलांसाठी उघडलेली शाळा मुलांच्या आईबापांना उपयोगाची नसते, हे त्यांनी ओळखले होते. प्रौढ माणसाची अडचण बुद्धीची नसते, वेळेची असते. त्याचा दिवस विकला गेलेला असतो. तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे. प्रौढशिक्षणाचे सारे शास्त्र या एका निर्णयात आहे.

दुसऱ्याच वर्षी, १८५६ च्या जूनमध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाच्या प्रवेशासाठी अर्ज झाला. मुंबई सरकारचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे हे सरकारने मानले, आणि तरीही प्रवेश नाकारला. एका मुलाला घेतले तर इतर सारे शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, असे कारण दिले. पुढे १८५८ साली, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे जाहीर झाले. पण जाहीर होणे आणि मुलगा वर्गात जाऊन बसणे यांत कित्येक पिढ्यांचे अंतर पडले.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. नमुना लंडन विद्यापीठाचा होता: कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपला नियम बदलला. ठरावीक कॉलेजातच शिकले पाहिजे ही अट काढली. कोठेही, कसाही अभ्यास केलेला माणूस पदवीच्या परीक्षेला बसू लागला. दूरशिक्षणाच्या आधुनिक इतिहासातला हा पहिला मोठा टप्पा मानला जातो. मुंबईने लंडनचा साचा घेतला, हा बदल मात्र घेतला नाही. येथे पदवीसाठी कॉलेजात टर्म भरणे आवश्यकच राहिले. टर्म भरायची म्हणजे शहरात राहायचे, फी द्यायची, दिवस मोकळा ठेवायचा. ज्याच्याकडे वतन, नोकरी किंवा भिक्षुकीचे उत्पन्न होते त्याला ते जमले. हजेरीपटाने जात विचारली नाही. पण हजेरी लावणे कोणत्या जातींना परवडते, हे समाजाने आधीच ठरवून ठेवले होते.

२

आता १८८२ साल घ्यावे. हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. ते पुष्कळांनी वाचलेले असते, निदान त्यातली एक मागणी सर्वांना ठाऊक असते. बहुजनांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, निदान बाराव्या वर्षापर्यंत. सरकारी तिजोरीत येणारा महसूल कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. महारमांगांच्या मुलांना उच्च जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नाही, म्हणून ती शाळांतून वगळली जातात, हेही त्यांनी त्याच निवेदनात नोंदवले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळांची मागणी केली.

याच निवेदनात आणखी एक मागणी आहे आणि तिच्याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे मॅट्रिकला, बसू देण्याच्या सवलतीचे जोतीरावांनी स्वागत केले. आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी असे सुचवले. बी.ए., एम.ए. इत्यादी परीक्षांसाठी खाजगी अभ्यास विद्यापीठाने मान्य केला, तर पुष्कळ तरुण घरी अभ्यास करतील, शिक्षणाचा प्रसार होईल. कारण अनेकांना निरनिराळ्या अडचणींमुळे कॉलेजात जाऊन शिकणे अशक्य असते. शिवाय उच्च शिक्षणापायी सरकारी तिजोरीवर पडणारा भारही हलका होईल. असा त्यांचा युक्तिवाद आहे.

पत्रद्वारा अभ्यासक्रम भारतात येण्याच्या ८० वर्षे आधी, स्वतः कधी कॉलेजात न गेलेला एक माणूस एम.ए.पर्यंतच्या परीक्षा बाहेरून बसणाऱ्यांना खुल्या करा, असे सरकारच्या आयोगाला सांगत होता. भारतातील दूरशिक्षणाच्या इतिहासाचे पहिले पान कोणाच्या नावाने लिहायचे, याचा निर्णय यावरून व्हावा.

पण केवळ पहिलेपणाचा मान मिळवणे हा आपला उद्देश नाही. या दोन मागण्या एकाच कागदावर आहेत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एक मागणी पायाची: प्रत्येक मूल शाळेत गेलेच पाहिजे. दुसरी वरच्या मजल्याची: ज्याला जिना वापरता येत नाही त्याला दुसरी वाट द्या. पहिली नसेल तर दुसरीचा लाभ घ्यायला माणूसच उरत नाही. अक्षरओळखच नसलेला माणूस बाहेरून बसणार कसा? आणि दुसरी नसेल तर ज्यांच्या पिढ्या आधीच वाया गेल्या, त्यांना न्याय मिळत नाही.

पायाच्या मागणीचे काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. हंटर आयोगाने सक्ती स्वीकारली नाही. स्वतंत्र भारताच्या संविधानाने १० वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्याचे निदेशक तत्त्व घातले. ती १० वर्षे १९६० मध्ये संपली. शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने आला, त्याचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. १८८२ ते २००९ म्हणजे १२७ वर्षे. या १२७ वर्षांत जी मुले शाळेबाहेर राहिली, तीच पुढे वयस्क होऊन रात्रशाळेच्या, सतरा नंबरच्या आणि मुक्त विद्यापीठाच्या दारात उभी राहिली.

३

मधल्या काळात बाहेर राहिलेल्या प्रौढांनी काय केले, याचे दोन धागे सांगतो.

पहिला धागा लष्करी छावणीचा. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्याला पायरी चढू दिली जात नव्हती, तो महार शिपाई वर्दीत असताना वाचायला शिकला. सुभेदार रामजी सकपाळ याच व्यवस्थेत शिकले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि ते शिक्षण त्यांनी आपल्या घरात आणले. बाबासाहेबांच्या अभ्यासाची पायाभरणी या घरातली आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाली. त्यामुळे रोजगार गेला, हे आपण नेहमी सांगतो. प्रौढ वयात अक्षर मिळण्याची एक मोठी वाटही त्याच हुकमाने बुजली, हेही सांगितले पाहिजे. गोपाळबाबा वलंगकरांसारखे छावणीतून आलेले लोक अर्ज, विनंत्या, पत्रके लिहीत होते, यामागचे कारण येथे आहे.

दुसरा धागा दाखल्याचा. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, ही परीक्षा पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके. सातवीचा तो कागद गावकीच्या कामातून सुटण्याचा परवाना होता. येसकराची काठी आणि मास्तराची खुर्ची यांत तेवढा एक कागद होता. म्हणून आपल्या लोकांनी शिक्षणाकडे ‘ज्ञान’ म्हणून आणि ‘दाखला’ म्हणून अशा दोन्ही नजरांनी पाहिले. आमच्यावर आक्षेप घेतला जातो की आंबेडकरी समाज पदवीच्या मागे लागला, ज्ञानाच्या नाही. ज्यांच्या घरात ज्ञानाचा वारसा दाखल्यावाचून सिद्ध मानला जात होता, त्यांनी हा आक्षेप घेऊ नये. आमच्या माणसाला तोंडी काही येते, यावर कोणीच विश्वास ठेवत नव्हते. त्याला कागद दाखवावाच लागे.

अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण पुरेसे आहे. दीड दिवसाची शाळा एवढेच त्यांचे औपचारिक शिक्षण सांगितले जाते. ‘फकिरा’ १९५९ साली आली. पुढे त्यांच्या साहित्यावर विद्यापीठांत प्रबंध झाले, डॉक्टरेट मिळाल्या. ज्या माणसाच्या लेखनावर पदव्या दिल्या जातात, त्याला स्वतःला त्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्गातही प्रवेश मिळाला नसता. ज्ञान आणि दाखला यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

४

बाबासाहेबांची भूमिका येथे बारकाईने पाहावी लागते, कारण ती फुल्यांच्या मागणीची केवळ पुनरुक्ती नाही.

१९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीपुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी निव्वळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर टीका केली. परीक्षा घेऊन पदवीचा कागद देणे एवढेच काम करणारी संस्था विद्यापीठ म्हणून अपुरी आहे. विद्यापीठाने शिकवले पाहिजे, संशोधन केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आणि १९२७ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी सांगितले की गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत उच्चतम शिक्षण नेऊन पोचवण्याची सोय करणे हे विद्यापीठाच्या मूलभूत कार्यांपैकी एक आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले होते. चार महिन्यांच्या अंतराने केलेल्या या दोन कृती आहेत. पाणी सार्वजनिक आहे तसे विद्यापीठही सार्वजनिक आहे, हा दोन्हींचा अर्थ.

म्हणजे जोतीराव म्हणत होते, परीक्षा उघडी करा. बाबासाहेब म्हणत होते, परीक्षा उघडी करून भागणार नाही, शिकवणे दारात आणा. यात विरोध नाही. जोतीरावांनी रात्रशाळा काढून शिकवणे दारात आणलेच होते. एकाने मागितलेला हक्क दुसऱ्याने अधिक नेमका केला. पुढच्या साऱ्या इतिहासाला हीच दुहेरी कसोटी लावावी: परीक्षा उघडी आहे काय, आणि शिकवणारा दारात पोचला काय?

बाबासाहेबांनी आपल्या संस्थेत या कसोटीचे उत्तर दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे विद्यार्थी नंतर कामावर जाऊ शके. १९४७ मध्ये संस्थेची रात्रशाळाही सुरू झाली. कारकून, तारखात्यातले नोकर, गिरणीतले तरुण या वर्गांतून पदवीधर झाले. १८५५ साली जोतीरावांच्या घरात जे घडले, तेच येथे महाविद्यालयाच्या पातळीवर घडले: माणसाने शाळेची वेळ गाठण्याऐवजी शाळेने माणसाची वेळ गाठली. या विद्यार्थ्याला कोणी ‘बाहेरून बसलेला’ म्हणत नव्हते. तो आत होता. त्याला प्राध्यापक होता, ग्रंथालय होते, बाजूला बसणारा मित्र होता, वादविवाद होते. सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद यांतून नोकरदार जसे निघाले तसे लेखक आणि कार्यकर्तेही निघाले. टपालाने आलेल्या पुस्तकांतून पदवी मिळेल. चळवळ मिळत नाही.

५

स्वातंत्र्यानंतर सरकारने दुसरी वाट धरली. १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात उच्च शिक्षणातील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि सायंवर्गांतून शिकावेत असे सुचवले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय काढले. जोतीरावांच्या मागणीनंतर ८९ वर्षांनी मुंबईत बी.ए. घरी बसून करण्याची सोय झाली. इंग्लंडमध्ये मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली होती. त्या धर्तीवर १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादच्या विद्यापीठाला १९९१ मध्ये बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. अहमदाबादला १९९४ मध्ये त्यांच्याच नावाने दुसरे निघाले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी येथे १६ वर्षे लढावे लागले, माणसे मेली, घरे जळाली. मुक्त विद्यापीठाला नाव देताना तसा विरोध झाला नाही. असे का झाले, याचा विचार वाचकांनी करावा.

या विद्यापीठांनी काहीच दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या नियमांत एक विलक्षण तरतूद होती. ज्याच्याकडे पूर्वीच्या शिक्षणाचा कोणताही दाखला नाही, पण ज्याचे वय २१ पूर्ण आहे, तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देऊन पहिल्या पदवीला जाऊ शकेल. दहावीही न झालेला माणूस बी.ए. करू शकत होता. नाशिकच्या विद्यापीठाने त्यासाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, मराठीतून पुस्तके लिहून घेतली, तालुक्यांच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रे उघडली, रविवारी समंत्रक नेमले. अंगणवाडी सेविका, होमगार्ड, बस वाहक, शेतमजुरी करून घर चालवणाऱ्या बाया पदवीधर झाल्या.

बायांचा विचार येथे वेगळा केला पाहिजे, कारण त्या दोनदा बाहेर ठेवलेल्या आहेत. शांताबाई कांबळे १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि त्यानंतर दहा वर्षांनी, संसार असताना, शिक्षिकेचे दोन वर्षांचे प्रशिक्षण घेण्यासाठी पुण्याला गेल्या. ऊर्मिला पवार यांनी लग्न, मुले आणि सरकारी नोकरी सांभाळून पदवी आणि एम.ए. केले, ‘आयदान’मध्ये (२००३) त्याची हकिकत आहे. बेबीताई कांबळे यांनी फलटणला किराणा दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीतले वर्तमानपत्र वाचत आपला अभ्यास चालू ठेवला. त्यांना कोणतेही विद्यापीठ लाभले नाही, पण ‘जिणं आमुचं’ त्यातून आले. बाईला परीक्षेचा फॉर्म भरताना फीपेक्षा आधी घरातली परवानगी जमवावी लागते, आणि अभ्यास भांडी घासून झाल्यावर करावा लागतो. ‘घरबसल्या शिक्षण’ हे जाहिरातीतले शब्द तिच्या बाबतीत खरे नसतात. घर हीच तिची अडचण असते.

आता दुहेरी कसोटी लावू. परीक्षा उघडली, हे खरे. शिकवणारा दारात पोचला काय? नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. गंगा आपल्या उताराने वाहते. ज्या वस्तीकडे उतार नाही, तेथे ती आपोआप जात नाही. तेथे पाणी न्यायला नळ घालावा लागतो. अनेक केंद्रांवर पुस्तके परीक्षेच्या तोंडावर येतात, समंत्रण कागदावर होते, ग्रंथालयाची किल्ली रविवारी मिळत नाही. विद्यार्थी गाईड विकत घेतो, अपेक्षित प्रश्न पाठ करतो आणि पास होतो. बाबासाहेबांनी ज्या निव्वळ परीक्षेच्या विद्यापीठावर टीका केली, तेच आपल्या वाट्याला आले. जोतीरावांच्या मागणीतले अर्धे वाक्य सरकारने उचलले: तिजोरीवरचा भार हलका होईल. तो हलका झाला. पण जोतीरावांनी वाचलेला पैसा पहिल्या पायरीवर, म्हणजे सर्वांच्या सक्तीच्या शिक्षणावर, खर्च व्हावा म्हणून युक्तिवाद केला होता. ते दुसरे अर्धे वाक्य कोणी वाचले नाही.

६

आणि मग प्रश्न येतो मोलाचा. बाहेरून मिळवलेल्या कागदाची किंमत आत बसलेले ठरवतात.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात निर्णय दिला. पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली एम.ए. ही पदवी नेमणुकीसाठी ग्राह्य नाही, १९८५ चे नियम तसेच सांगतात, असे न्यायालयाने म्हटले. नियमाच्या भाषेत निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. वयाच्या जोरावर थेट एम.ए. देण्याची सोय विद्यापीठाने नियमाबाहेर काढली होती. पण विद्यापीठाने नियम मोडला, शिक्षा विद्यार्थ्याला झाली. ज्याने फी भरली, वर्षे घातली, पेपर लिहिले, त्याचा कागद एका दिवसात रद्दी झाला.

आपल्या कार्यकर्त्यांनी येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पदव्यांची दुकाने चालवणारे लोक आपले मित्र नाहीत. परराज्यातले केंद्र, हमखास पास, अभ्यास नको अशा जाहिराती आपल्याच वस्त्यांत अधिक लागतात, कारण दाखल्याची निकड आपल्याला अधिक आहे. असा प्रत्येक खोटा कागद दहा खऱ्या कागदांना संशयित करतो. आणि त्याचबरोबर, त्या संशयाचा आधार घेऊन खऱ्या पदवीला ‘बाहेरची’ म्हणून बाजूला सारणाऱ्यालाही आपण सोडू नये. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा स्पष्ट केले आहे. पुन्हा स्पष्ट करावे लागते, यातच सारे आले. राखीव जागेला ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा आणि मुक्त पदवीला ‘रेग्युलर आहे का?’ हा प्रश्न एकाच कुळातले आहेत. पहिल्या वेळी कागद नाही म्हणून नाकारायचे, दुसऱ्या वेळी कागद आहे पण असा नको म्हणून.

आज धोका आणखी वेगळा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे आणि त्यासाठी मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणावर भर दिला आहे. म्हणजे पुढे येणारी गर्दी बाहेरच बसवण्याची ही योजना ठरू शकते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, प्राध्यापक, ग्रंथालय हे आतल्यांसाठी. मोबाईलवरची चित्रफीत बाहेरच्यांसाठी. दूरशिक्षण हे हुकलेल्या प्रौढाचा हक्क होते. ते गरिबाच्या अठरा वर्षांच्या मुलामुलीचे नशीब होता कामा नये. १८ वर्षांच्या मुलीला ‘तू घरी बसून शीक’ असे सांगणे आणि ४० वर्षांच्या बाईला ‘तू आता घरी राहूनही शिकू शकतेस’ असे सांगणे, ही दोन वाक्ये सारखी दिसतात. अर्थाने ती विरुद्ध आहेत.

म्हणून आपली मागणी १८८२ च्या कागदासारखी दुहेरीच असली पाहिजे. प्रत्येक मुलाला आत जागा. ज्यांची वेळ हुकली त्या प्रत्येकाला बाहेरून बसण्याचा हक्क, कागदाचे पूर्ण मोल, आणि शिकवणारा माणूस दारात. यातले तिसरे काम सरकारच्या भरवशावर सोडण्याचे कारण नाही. आपल्या विहारांना छप्पर आहे, दिवा आहे, सतरंजी आहे. वस्तीत निवृत्त शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत. रविवारी दोन तास विहारात बसून सतरा नंबरवाल्यांचे गणित घेणे, फॉर्मच्या तारखा फळ्यावर लिहिणे, नेमलेली पुस्तके एका कपाटात ठेवणे, संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे फी भरण्याआधी तपासून सांगणे, यासाठी ठराव लागत नाही, निधी लागत नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंकडे याहून अधिक काही नव्हते. राहते घर होते आणि संध्याकाळ होती.

‘बाहेरून बसला’ हा शब्द कमीपणाने उच्चारला जातो. आपण तो तसा उच्चारू नये. ज्यांना गोणपाटावर बसवले त्यांच्याच नातवंडांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. आता त्यांच्या मुलांना तो भरावा लागू नये, आणि ज्यांना अजूनही भरावा लागतो त्यांच्याशेजारी बसणारे कोणी तरी असावे. शेजारी बसू दिले जात नाही, ही जोतीरावांनी नोंदवलेली तक्रार होती. शेजारी बसणे निदान आपल्या हातात आहे.